ओच्यातली ऊब

चतुराबाईला चालताना पाहिलं की वाटायचं, ही बाई झोपेत चालते आहे. डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलत असलेले आणि एक हात कमरेला, लुगड्याच्या ओच्यावर ठेवलेला. पुढे तिच्या शेळ्या आणि मागे ती. कुणी हाक मारली तर दुसऱ्या हाकेला वळायची. पाटोद्याच्या बाजूला बालाघाटाच्या पठारावर आमचं गाव आहे. तिथंच मी लहानाचा मोठा झालो, तरी ती ओच्यावर हात का ठेवते हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. पोट दुखत असेल, असं मी धरून चाललो होतो.

ओच्यात बी असायचं. दर साली रब्बीच्या पेरणीआधी ती जोंधळ्याचे शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधायची आणि ती पुरचुंडी ओच्यात खोचून तीन दिवस वागवायची. रानात, घरात, झोपेतसुद्धा. तिसऱ्या दिवशी बाया तिच्या ओसरीवर जमायच्या, फडकं सुटायचं आणि पांढऱ्या मोडांचा गुंता दिसायचा. मग ती विसांत मोजणी करायची आणि सांगायची, "चार विसा आन् बारा. पेरा." एवढ्यावर गाव पेरायचं. पण मोजायच्या आधीच तिला उत्तर कळलेलं असायचं. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "जित्तं बी ऊब धरतं रे पंडित. मेलेलं बी वल्लं हून गार पडतं."

मी तेव्हा नुकताच मॅट्रिक झालो होतो, म्हणजे मला जगातलं सगळंच येत होतं. मी हसलो.

पुढे बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मोडाच्या जोंधळ्यात उष्णतामापक खोचून दाखवला. पारा चढत होता. मला चतुराबाईचा ओचा आठवला आणि कान गरम झाले. त्या हसण्याबद्दल मी तिची कधी माफी मागितली नाही, ती आता इथं मागतो.

चतुराबाई धनगराची. नवरा लवकर गेला, पोटी एकच मुलगा, सुग्रीव. चार एकर माळ आणि थोडी शेरडं-मेंढरं. पण सुगीत कापणी करणाऱ्यांच्या पुढे चालत कणसं निवडायचा मान तिचा. पाटलाच्या रानातसुद्धा. ती स्वप्नात असल्यासारखी ताटांमधून फिरायची, मध्येच थांबायची, एखादं कणीस हातात तोलायची आणि त्याला चिंधी बांधायची. चिंधीच्या कणसांचं बी, बाकीचं खायला. गावची सहकारी सोसायटी निघाली तेव्हा पहिल्याच सभेत ठराव झाला, बियाण्याची राखण चतुराबाईकडे. ठरावाच्या कागदावर तिनं अंगठा उठवला नाही. म्हणाली, "कागदाला काय कळतंय?"

बाहत्तरच्या माघात पीक निम्म्यावर आलं होतं आणि पुढचं साल कसं जाणार ते जाणत्यांना दिसत होतं. आमचे चेअरमन मोहनराव. दोन माणसं एकत्र दिसली की यांना सभा आठवायची. त्यांनी सभा घेतली. घराघरातल्या मडक्यांत बी राहिलं तर ते पोटात जाणार, म्हणून यंदा सगळ्या गावाचं बी एकत्र करून सोसायटीच्या पेवात ठेवू, असं ठरलं. पेव म्हणजे जमिनीतला बाटलीच्या आकाराचा खड्डा. बाजूंनी कडबा लावायचा, आत धान्य ओतायचं, तोंडावर शिळा ठेवून मातीनं लिंपायचं. खायचा जोंधळा त्यात दोन-तीन साल टिकतो. पण बी पेवात ठेवायचं, हे आमच्या भागात कुणी केलं नव्हतं.

"पेवात बी घुसमटतं, चेरमनसाब," चतुराबाई म्हणाली.

"बाहेर ऱ्हायलं तर लोक खातील की. मंग काय पेरतीस, खडे?"

चार पोती बी पेवात गेलं. तिनं एकच अट घातली. शिळेवरची माती तिनं स्वतः लिंपली आणि ओल्या मातीवर उजव्या हाताचा पंजा उठवला. पेव उघडायचं म्हणजे तो पंजा मोडायचा, आणि तो तिनंच मोडायचा. मोहनरावांना ही गोष्ट फारशी आवडली नाही, पण बायांसमोर त्यांनी ती मान्य केली.

त्या साली पाऊस आला नाही. रब्बीला ओलच नव्हती, बी पेवातच राहिलं. गाव दुष्काळी कामावर गेलं. पाझर तलावाची पाळ घालायचं काम होतं. बायांची रांग लागायची आणि मातीचं घमेलं हातातून हातात पुढे सरकायचं. रांगेच्या टोकाला चतुराबाई उभी असायची, शेवटचं घमेलं पाळीवर पालथं करायला. सुट्टीवर आलो की मी लांबून बघायचो. उन्हात सगळं तरंगल्यासारखं दिसायचं. बाया हलत नाहीत, फक्त घमेली हलतात, असं वाटायचं. खायला कामावर मिळणारी सुकडी आणि अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो जोंधळा. पेवाजवळून जाताना माणसं त्या पंजाकडे बघायची आणि पुढे जायची.

वैशाखात सुग्रीवची बायको साखराबाई सासूपुढे येऊन उभी राहिली. कडेवर सहा महिन्यांची पोर. साखराबाईचं दूध आटलं होतं, शेळ्याही कोरड्या पडल्या होत्या, आणि मिलोची पेज त्या पोरीच्या पोटात ठरत नव्हती.

"आत्याबाई, एक मापटं जुंधळा द्या. लेकराला पेज करते. एकच मापटं."

त्या वेळी मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो, म्हणून मला हे ठाऊक आहे. चतुराबाईचे डोळे आणखी मिटले.

"ते माझं न्हाई, साखरा."

"मंग कुनाचं हाय? मेलेल्याचं?"

"मी नातीसाठी पंजा मोडला तर सांजच्याला आख्खं गाव मापटं घिऊन येतंय. त्येंची बी लेकरं हायती. कुनाला न्हाई म्हनू?"

तिनं आपल्या वाटणीची सुकडी साखराबाईच्या पदरात घातली. साखराबाईनं ती तिथंच ओसरीवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन माहेरी, नांदूरघाटला निघून गेली. सुग्रीव दोनदा आणायला गेला, दोन्ही वेळा एकटाच परत आला. कामावर चतुराबाई शेवटचं घमेलं पालथं करत राहिली. मला विचाराल तर त्या उन्हाळ्यात ती निम्मी झाली.

त्र्याहत्तरला पाऊस आला. हस्तात जमीन भिजली आणि गावाला पेरणीची घाई सुटली, कारण माळरानाची ओल चार-पाच दिवसांची पाहुणी. त्याच वेळी तालुक्यातल्या सोसायट्यांच्या बियाण्याचे नमुने गोळा करायला मी आलो होतो आणि मुक्कामाला घरीच होतो. पेव उघडायच्या वेळी सगळं गाव गोळा झालं. चतुराबाईनं पंज्यावर पाणी शिंपडलं, त्यावरून एकदा हात फिरवला आणि खुरप्यानं तो मोडला.

आमच्याकडे पेवात माणूस उतरायच्या आधी कंदील सोडतात. दोरीला बांधून सुग्रीवनं कंदील खाली सोडला. हातभर गेला असेल नसेल, ज्योत बारीक झाली, निळी झाली आणि विझली. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. त्याबरोबर आंबूस वास वर आला. लोक मागं सरले.

"सडलं," कुणीतरी म्हणालं.

घोंगडी खालीवर करून, हवा घालून, तासाभरानं कंदील टिकला तेव्हा सुग्रीव उतरला. पाटीभर जोंधळा वर आला. कडेचा काळपट, मधला जरा बरा, सगळ्याला वास. मग कलकलाट झाला. अर्धं गाव म्हणत होतं, दळून टाका, निदान पोटात तरी जाईल. अर्धं म्हणत होतं, पेरून बघू. मेलेलं बी पेरलं तर ही ओल वाया, म्हणजे आणखी एक साल मिलो. आणि जित्तं बी दळलं तर त्यापरीस मोठा मूर्खपणा नाही. तालुक्याला सरकारी बी आलं होतं, पण ते चार घरांना पुरलं असतं. सगळ्यांनी चतुराबाईकडे पाहिलं. ती खाली बसली होती.

"पुरचुंडी बांध ना, माय," मोहनराव पहिल्यांदाच तिला माय म्हणाले.

"तीन रोज लागत्यात. वल जाईल," ती म्हणाली.

ते खरं होतं, पण खरं कारण वेगळं होतं. तिला उत्तराची भीती वाटत होती. गावाला, सुनेला, नातीला तिनं उपाशी ठेवलं होतं ते या बियाच्या भरवशावर. ते मेलेलं निघालं तर तिच्यापाशी काय राहत होतं?

मी म्हणालो, उद्या दुपारपर्यंत सांगतो. माझ्या पिशवीत साहेबांकडून मागून आणलेली एक तपकिरी बाटली होती. त्यातलं औषध पाण्यासारखं, बिनरंगी. बी जित्तं असेल तर त्याचा डोळा, म्हणजे मोड फुटतो ती जागा, या पाण्यात लाल होते. मेलेलं असेल तर पांढरीच राहते. पेवाच्या वरून, मधून, तळातून असे मिळून शंभर दाणे मी संध्याकाळी भिजत घातले. सकाळी ब्लेडनं एकेका दाण्याचा डोळा उभा चिरला, प्रत्येकाचं एक अर्धं एका रिकाम्या बाटलीत टाकलं आणि वर ते पाणी ओतलं. आता याला अंधार हवा आणि माणसाच्या अंगाएवढी ऊब हवी. प्रयोगशाळेत त्यासाठी पेटी असते. गावात कुठून आणणार?

मी इकडेतिकडे बघायला लागलो. चतुराबाईनं हात पुढे केला.

"आन हिकडं."

तिनं बाटली फडक्यात गुंडाळली आणि ओच्यात खोचली. मग शेळ्या सोडल्या आणि माळावर निघाली, नेहमीसारखी, अर्धे डोळे मिटून. मी तिच्यामागे. हवा धुतल्यासारखी होती, गवताला बारीक तुरे आले होते आणि शेळ्या आवाज न करता चरत होत्या. आम्ही बोरीखाली बसलो.

"ह्या पान्याला कसं कळतंय रे, कोन जित्तं हाय आन् कोन मेलं?" तिनं विचारलं.

मी शिकलेला माणूस, मला सांगायची हौस. म्हणालो, "चतुरामाय, दाण्यात लई बारीक बारीक खोल्या असतात. त्यांना पेशी म्हणतात. त्या खोल्यांत आणखी बारीक खोल्या, आणि त्यांच्या आतला पडदा घड्या घातलेला. त्या पडद्यावर कामकरी उभे असतात, रांगेनं. विकरं म्हणतात त्यांना. तुमची तलावावरची रांग आठवते का?"

"न आटवायला काय झालं?"

"तशीच. दाण्यातलं सत्त्व फोडायचं, त्यातून जे निघतं ते घमेल्यागत हातातून हातात पुढं द्यायचं. दर हाताला थोडी थोडी ताकद सुटते. त्या ताकदीनं ते काय करतात, पडद्याच्या एका अंगाला लई बारीक कण ढकलून साठा करतात. पाळीच्या एका अंगाला पाणी साठावं तसा. साठलं की ते परत यायला बघतं. पडद्याला बारीक दारं असतात, तिथून ते येतं, आणि दारात एक चाक असतं, ते फिरतं. त्या चाकावर जिवाची सगळी कमाई. दाण्याची, शेळीची, तुझी, माझी. सगळ्यांची तीच रीत."

"आन् रांगेच्या टोकाला कोन?"

मला तिची हीच गोष्ट आवडायची. साहेबांनी हे शिकवलं तेव्हा आमच्यापैकी एकानंही हा प्रश्न विचारला नव्हता.

"टोकाला हवा. हवेतला प्राणवायू. शेवटचं घमेलं तो घेतो आणि पालथं करतो. तो नसला की सगळी रांग घमेली धरून उभी ऱ्हाते."

ती थोडी हसली. टोकाला उभं राहणं म्हणजे काय, ते तिच्या खांद्यांना ठाऊक होतं.

"आन् ऊब?"

"काम केलं की अंग तापतं की. ती ऊब त्याचीच."

"मंग पेवात कंदील कावून इझला?"

"आतली हवा कुणीतरी वापरली म्हणून. कोरडं बीसुद्धा श्वास घेतं, लई सावकाश. दीड-पावणेदोन साल खाली अंधारात ते हळूहळू हवा संपवत होतं." आणि मग प्रामाणिकपणे मला सांगावं लागलं, "न्हाई तर बुरशीनं वापरली असेल. तीही जित्तीच. म्हणून तर बाटली."

"आन् ह्ये पानी?"

"हे रांगेत घुसतं आणि हातातलं घमेलं हिसकून घेतं. घेतलं की लाल होतं. मेलेल्या दाण्यात पडदे फाटलेले, रांग मोडलेली. हिसकायला काही न्हाईच."

"म्हंजी चोर हाय."

"चोरच."

तिनं ओच्यावर हात दाबून धरला. "चोरी व्हऊ दे मंग," ती म्हणाली.

मला वाटतं मी थोडा वेळ झोपलो. म्हणजे झोपलो की नाही हे आजही सांगता येणार नाही. मला ते पेव दिसत होतं, आणि त्यात लाखो दाणे, एकमेकांना टेकून, दिवा न लावता तेवणारे. वर पाळीवर बाया उभ्या, खाली दाण्यात तेवढ्याच चिमुकल्या बाया उभ्या, आणि सगळ्यांच्या हातातून एकच घमेलं चाललेलं. पोटात नसताना हात कसे चालतात, असं कुणीतरी मला विचारत होतं. त्याचं उत्तर मला येत होतं, पण जागा झाल्यावर आठवलं नाही. सूर्य माथ्यावर आला होता.

गाव सोसायटीच्या ओट्यापाशी जमलं. चतुराबाईनं बाटली काढली, पण फडकं सोडलं नाही. तशीच माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवलं. मी पाणी ओतून टाकलं आणि दाणे काशाच्या ताटात पसरले.

आधी पांढरेच दिसले. मग ताट उन्हात धरलं. पांढऱ्यात एक लाल डोळा दिसला. मग दुसरा. मग डाळिंब फोडावं तसे ते ताटभर दिसायला लागले. बाया पुढे आल्या, कुणीतरी रडायला लागलं, मोहनराव हात वर करून काहीतरी बोलत होते ते कुणी ऐकलं नाही.

"मोज," चतुराबाई माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली.

मी विसांत मोजले. "तीन विसा आणि एक. एकसष्ट लाल. बाकीचे गेले. दाट पेरा, पाभरीला बी जादा सोडा. पीक येईल."

माणसं पाट्या आणायला धावली. मला वाटलं, आता ती हसेल. ती ताटाजवळ येऊन बसली. लाल दाण्यांना तिनं हात लावला नाही. पांढरे दाणे तेवढे एका बाजूला ओढले, बोटानं, एकेक. ओढताना तिचं अंग हलायला लागलं.

"हे तर मेलेलंच व्हतं की रे, पंडित."

"हो."

"दोन विसाला एक कमी. चार पोत्यांत किती मापटी झाली ही? ह्येच्यातलं एक देलं असतं मी. एकच मागितलं व्हतं तिनं."

मी म्हणालो, "चतुरामाय, कोणतं मेलंय ते चिरल्याशिवाय कळत न्हाई." आणि हेही म्हणालो, की वैशाखात कदाचित हे सगळे जित्ते असतील, नंतरच्या दमटात गेले असतील. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

"तुला कळतंय. तू शिकलाय," ती म्हणाली. "त्या लेकराला काय सांगू?"

तिला असं रडताना मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मला तिचा राग आला, साखराबाईचा आला, सगळ्यात जास्त माझ्या त्या बाटलीचा आला. एकसष्ट लाल डोळ्यांनी गाव वाचवलं आणि एकोणचाळीस पांढऱ्यांनी या बाईला पकडलं. चिरलेले ते सगळे दाणे तिनं गोळा केले, लाल आणि पांढरे, आणि पदराच्या टोकाला बांधून घरी नेले.

गाव दाट पेरलं. पीक चांगलं आलं. माघात कापणीच्या वेळी ती ताटांमधून फिरली, चिंध्या बांधल्या. त्या साली बी पेवात गेलं नाही. ते तिच्या घरातल्या मडक्यांत राखेत गेलं, आणि मोहनरावांनी तसा ठराव स्वतः मांडला.

पहिली मळणी झाल्यावर चतुराबाईनं मला निरोप धाडला. मी सुट्टी काढून आलो. तिला नांदूरघाटला जायचं होतं आणि सुग्रीवला बरोबर न्यायचं नव्हतं. एस. टी.त ती खिडकीशी बसली, ओच्यावर हात ठेवून. पण ओचा जड होता.

साखराबाई अंगणात जात्याशी बसली होती. आम्हाला पाहून उठली, पण पुढे आली नाही. तिच्यामागे दाराच्या चौकटीला धरून एक पोरगी उभी होती, काळी, केस विस्कटलेले, स्वतःच्या पायांवर उभी. चतुराबाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं ओच्यातून पितळी मापटं काढलं, नव्या जोंधळ्यानं शिगोशीग भरलेलं, फडक्यानं बांधलेलं. ती उंबरा ओलांडून आत गेली नाही. मापटं उंबऱ्यावर ठेवलं.

"त्या दिसाचं हाय," ती म्हणाली. "उशीर झाला, साखरा."

पोरगी बसली, मापट्याकडे सरकली आणि दाण्यांत हात घातला. मग उठून आजीकडे आली, कारण आजीच्या पदराच्या टोकाला अजून ती चिरलेल्या दाण्यांची गाठ होती आणि तिला ती हवी होती. चतुराबाईनं तिला उचललं. दोन्ही हातांनी, घट्ट, पाठीवर तळवा ठेवून.

साखराबाईनं वाकून मापटं उचललं. जात्याशी नेलं. दाणे जात्यात ओतायच्या आधी थांबली. मापट्यातली एक मूठ तिनं काढली, आपल्या पदराच्या टोकात घातली आणि गाठ मारली.

"ही बियाला," ती म्हणाली, आणि दळायला बसली.